नाणे कोणाच्या खिशातले?

आपलेच नाणे खोटे असेल तर दुसऱ्याला बोल लावू नये, असे आपण म्हणतो. जादूगाराचे याच्या उलट. त्याचे नाणे खोटे असते म्हणून तर आपण पुढे सरकून बसतो! हे नाणे बाजारात खपवायचे नव्हे. दिसायला खऱ्यासारखे, पण आत करामत केलेले. एखादे पोकळ, दुसऱ्या नाण्यावर टोपणासारखे बसणारे. एखादे कापून रबराने सांधलेले, दुमडून बाटलीत शिरणारे. एखाद्याला दोन्हीकडे छापच. हे शेवटचे १९७५ च्या ‘शोले’ने खेडोपाडी पोचवले.

हातचलाखीचे अभिमानी अशा नाण्यांना नाक मुरडतात. बोटांची साधना करावी, कारागिराच्या करामतीवर कसला मोठेपणा, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. जादूगार रघुवीरांनी रंगमंचावर साधने वापरली म्हणून त्यांची जादू कोणी कमी लेखली नाही. मग हाताच्या अंतरावर बसलेल्या आठ-दहा जणांपुढे तळहातात मावणारे साधन वापरले तर बिघडले कोठे? बोटे कच्ची असतील तर पोकळ नाणेही फजिती करतेच. (चलनातले नाणे नष्ट करण्यास २०११ च्या कायद्याने मनाई आहे, एवढे हौशी मित्रांनी ध्यानात ठेवावे.)

पण आपल्या सातारा-सांगलीकडे नाण्याची जादू केवळ करमणुकीची राहिलेली नाही. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि पुढे मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. बुवांचे ‘चमत्कार’ लोकांसमोर करून दाखवायचे आणि त्यांतली युक्ती सांगायची, हा कार्यक्रम कार्यकर्त्यांनी गावोगाव नेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. कार्यक्रम थांबले नाहीत.

बुवांच्या पोतडीतला एक जुना प्रयोग नाण्याचाच. भक्ताच्या मुठीत नाणे द्यायचे, मंत्र पुटपुटायचा. नाणे तापू लागते, चटका बसतो. मूठ उघडावी तो राख! ते नाणे ॲल्युमिनियमचे असते आणि त्याला मर्क्युरिक क्लोराइड चोळलेले असते. त्यामुळे धातूवरचा संरक्षक थर तुटतो, आतल्या ॲल्युमिनियमचा हवेशी झपाट्याने संयोग होतो, उष्णता निघते आणि पूड उरते. रसायन जहाल विषारी आहे; करून पाहण्याचा मोह टाळावा. पाच-दहा-वीस पैशांची ती हलकी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण ॲल्युमिनियम काही गेले नाही.

आता माझा मुद्दा. करमणुकीच्या खेळात आपण तिकीट काढून, राजीखुशीने फसतो. बुवा मात्र दैवी शक्तीचा दावा करतो आणि त्यावर पैसा उकळतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही या दाव्यावरच आहे. प्रबोधन करणारा तिसरा, आणि त्याची अडचण सर्वांत मोठी. त्याने करामतीचे नाणे वापरून ‘ही युक्ती आहे’ एवढेच सांगितले, तर पुढे बसलेली आजी मनात म्हणते, “तुझं नाणं बनवलेलं रे बाबा, महाराजांचं खरं होतं.” तिच्या म्हणण्यात तर्क आहे! युक्तीने असे घडू शकते, एवढेच आपण सिद्ध केले; महाराजांनीही युक्तीच केली, हे नव्हे.

म्हणून प्रयोगानंतर आपले नाणे लपवू नये आणि आजीच्या कनवटीचे नाणे मागून घ्यावे. मंत्र तोच म्हणावा. ते नाणे थंडच राहील. पुढच्या वेळी महाराजांसमोर ती आपलेच नाणे पुढे करील, आणि खरी परीक्षा तेव्हा होईल. आपल्या व्याख्यानाने नव्हे.

अर्थात मागून घेतलेले नाणेही अगदी निर्दोष समजू नये. १९९२ पासून आलेले स्टेनलेस स्टीलचे रुपयाचे नाणे लोहचुंबकाला चिकटते. तेव्हा आजीने नाणे देण्याआधी महाराजांना बोटातली अंगठी उतरवायला सांगावी.