‘बाहेरचा’ म्हणण्याआधी घरचा हिशेब मांडा

लोहा-कंधारच्या माझ्या माणसांनो, आणि इथून उठून पुण्याला, हैदराबादला पोटापाण्यासाठी गेलेल्या लेकरांनो, ही विनंती तुम्हा सगळ्यांना आहे.

परराज्यातले मजूर आपल्याकडे येतात. त्यांच्यामुळे आपलं भलं होतं की नुकसान, या प्रश्नावर आपण हल्ली फार लवकर हमरीतुमरीवर येतो. समोरचा काय सांगतोय हे ऐकण्याआधी तो कोणाचा माणूस आहे ते बघतो. आपल्या नेत्याने म्हटलं तर खरं, दुसऱ्याच्या नेत्याने तेच म्हटलं तर खोटं. अशी सवय लागली की पोटाचा प्रश्नसुद्धा पक्षाचा होऊन बसतो. माझं सांगणं एकच आहे. या बाबतीत गटाचं मत उसनं घेऊ नका. आपल्या घराचा, आपल्या शिवाराचा हिशेब मांडा आणि मग बोला.

हिशेब घरापासूनच सुरू करू. दसरा-दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाच्या माळावरच्या वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हातातला कोयता सुटत नाही. लोहा, कंधार, मुखेडकडची माणसं पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं मागे राहतात. चार वर्ग शिकलेली पोरं चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागतात. कोणी हैदराबादेत बांधकामावर जातं. कोरडवाहू सोयाबीन-कापसावर वर्ष निघत नाही, म्हणून जातात. १९७२च्या दुष्काळातही मराठवाड्यातली माणसं अशीच मुंबई-पुण्याकडे निघाली होती. म्हणजे कर्नाटकातल्या फडावर परराज्यातला मजूर म्हणून जो उभा असतो, तो आपल्याच गल्लीतला गडी असतो. ‘तुझ्यामुळे आमचं काम गेलं’ असं म्हणून त्याला तिथं कोणी हुसकावलं, तर आपल्या जिवाला काय वाटेल? त्या प्रश्नाचं उत्तर हीच या हिशेबाची पहिली नोंद.

दुसरी नोंद आपल्याकडे येणाऱ्यांची. उन्हाळ्यात विहीर आटली की आपण बोअरची गाडी बोलावतो. पुष्कळदा तिची पासिंग तामिळनाडूची असते. नंबर ‘टीएन ३४’ने सुरू होत असेल तर ती तिरुचेंगोडची. बोअरच्या गाड्यांसाठी ते गाव देशभर ओळखलं जातं. रात्रभर मशीन धडधडतं, रॉडमागून रॉड खाली जातो, पांढरा भुकटा अंगावर उडतो, आणि घरची सगळी बाजेवर बसून ओल कधी लागते याची वाट बघतात. गाडीवरची पोरं घरापासून शेकडो कोस लांब आलेली असतात. तिथंच रांधतात, तिथंच झोपतात. पाणी लागलं की त्यांना पेढा देणारे आपणच. त्यांना आपण कधी परप्रांतीय म्हटलेलं नाही.

आपल्याच तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा बघा. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा तो बाजार आसपासच्या राज्यांतून आलेल्या व्यापाऱ्यांशिवाय भरेल का? नांदेडला देशभरातून भाविक गुरुद्वाऱ्यात येतात आणि त्यांच्यावर रिक्षावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत किती घरं चालतात. लातुरात शिकवणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून लेकरं येतात, म्हणून तिथं खानावळी आणि अभ्यासिका उभ्या राहिल्या. खोलीचं भाडंही वाढलं, हे खरं. घरमालकाचा फायदा झाला, भाडेकरूच्या खिशाला चाट बसली. येणारा माणूस काम घेतो तसं कामही निर्माण करतो. तो जेवतो, राहतो, कपडे धुऊन घेतो, मोबाइल दुरुस्त करून घेतो. गावातली कामं म्हणजे मोजून ठेवलेल्या भाकरी नाहीत, की एकाने एक उचलली म्हणजे दुसऱ्याला एक कमी पडली.

पण हिशेब खरा मांडायचा तर नुकसानीची बाजूही लिहिली पाहिजे. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभ्या असलेल्या आपल्या माणसाचं दुखणं खोटं नाही. फरशी, रंगकाम, पीओपी, सेंट्रिंग या कामांत बाहेरून आलेली टोळी कमी दरात काम उचलते, आणि घरी बायको-लेकरं, म्हातारे आई-बाप असलेल्या स्थानिक मजुराला तो दर परवडत नाही. मग तो दुपारपर्यंत उभा राहून घरी परततो. त्याला ‘जगात असंच चालतं’ म्हणून गप्प करणं हा अन्याय आहे.

ती टोळी स्वस्त का पडते, हे मात्र विचारायला हवं. मजूर साइटवरच राहतो, बारा-बारा तास राबतो, पैसे अंगावर घेतलेले असतात, भाषा येत नाही आणि तक्रार करायला ओळखीचं कोणी नसतं. त्याच्या या लाचारीतून जे वाचतं ते गुत्तेदाराच्या खिशात जातं, आणि थोडं घर बांधणाऱ्याच्या, म्हणजे कधीकधी आपल्याही. या स्वस्ताईची किंमत कोण मोजतं ते मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावी जायला पायी निघाले होते. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले.

परराज्यातून आणलेल्या मजुराला त्याच कामासाठी स्थानिक मजुराइतकीच मजुरी द्यावी, असा कायदा संसदेने १९७९ साली केला. त्यात दोघांचंही हित होतं. बाहेरच्याला पुरता दाम मिळाला तर तो केवळ स्वस्त म्हणून आपल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा नाक्यावर रागावायचंच असेल, तर कमी दर देणाऱ्यावर रागवा. कमी दर घेण्याची वेळ आलेला माणूस आपल्या ऊसतोड्याचाच भाऊ आहे.

या प्रश्नावर मोठमोठे अर्थशास्त्रज्ञही भांडले आहेत आणि त्यांचं भांडण आपल्या कामाचं आहे. १९८० साली क्युबातून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत होड्यांनी अमेरिकेत उतरली. त्यातली बरीचशी मायामी शहरात राहिली आणि शहरातले कामकरी एकदम सात टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९०मध्ये आकडे मांडून दाखवलं की मजुरीवर आणि बेकारीवर फारसा परिणाम झालेला दिसत नाही. २०२१ साली या अर्थशास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. जॉर्ज बोर्हास हे स्वतः लहानपणी क्युबातून अमेरिकेत आलेले. त्यांनी तोच काळ पुन्हा तपासला आणि सांगितलं की शाळासुद्धा पुरी न केलेल्या मजुरांची कमाई चांगलीच घसरली. वाद अजून मिटलेला नाही. एकाने शहरातल्या कमी कसबाच्या मजुरांकडे एकत्रित पाहिलं, दुसऱ्याने त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यांकडे. म्हणून ‘फायदा की तोटा’ एवढंच विचारू नका. कोणाला फायदा, कोणाला तोटा, आणि किती दिवसांसाठी, असं विचारा.

त्याच अमेरिकेत १९४२पासून मेक्सिकोचे मजूर सरकारी करारावर शेतीकामाला येत. स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून १९६४ साली तो करार बंद केला. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा मजुरी त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. टोमॅटोच्या बागायतदारांनी तोडणीची यंत्रं आणली होती. आपल्याकडेही फडात ऊसतोडणीचं यंत्र आलेलं आहे. उद्या आपल्या टोळ्यांना कोणी हद्दीबाहेर काढलं, तर त्यांचा कोयता तिथल्या माणसाच्या हातात जाईल असं नाही. यंत्राचा मालक ते काम घेईल. म्हणून माणसं हाकलली की मजुरी आपोआप चढते, या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवू नका.

आपल्या राज्याचा अनुभवही तपासून बघा. १९६०च्या दशकात मुंबईच्या कचेऱ्यांतल्या अमराठी नावांच्या याद्या ‘मार्मिक’मध्ये छापून येत. १९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली. मराठी पोराला दारातूनच परत पाठवतात, ही तक्रार खोटी नव्हती. पण मुंबईत मराठी कष्टकऱ्याचा मोठा आधार गिरणी होती. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. त्या नोकऱ्या कोणा मद्रासी कारकुनाने नेल्या नव्हत्या. मालकांचे निर्णय, बदललेला कापडधंदा आणि जमिनीचे भाव यांनी नेल्या. नजर शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसावर खिळून राहिली की जिथून घाव येतो ती बाजू उघडी पडते.

ऑक्टोबर २००८मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला मुंबईकडे आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारहाण झाली. त्यामागे एक रास्त गाऱ्हाणं होतं. भरतीच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत आणि परीक्षा मराठीत होत नाही, असं ते होतं. पुढे रेल्वेच्या परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागल्या. आंदोलनाशिवाय हे झालं नसतं, असं कोणी म्हणेल. आंदोलन जरूर करा. पण आंदोलन आणि परीक्षेला आलेल्या पोराला बडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी प्रश्नपत्रिकेचा उपयोग लोह्याच्या पोरीला आजही होतो. त्या माराचा कोणाला झाला?

आणि ‘आपला’ कोण, ही रेघ तरी कायम कुठं असते? निजामाच्या राज्यात ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ असा भेद होता. १९१९च्या फर्मानाप्रमाणे सरकारी नोकरीसाठी माणूस मुलकी असावा लागे. बाहेरून आलेल्याला ते होण्यासाठी १५ वर्षं राज्यात राहिल्याचं दाखवावं लागे. १९५२ साली बाहेरून आलेल्या नोकरदारांविरुद्ध हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं गेली. नांदेड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता, कंधारचा माणूस हैदराबादेत घरचा होता. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तोच माणूस एका रात्रीत हैदराबादला परराज्यातला झाला. तो होता तिथंच होता, फक्त नकाशावरची रेघ हलली.

पक्षाची रेघ तर त्याहून लवकर हलते. २०१९च्या लोकसभेला नांदेडमध्ये भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर यांनी काँग्रेसचे अशोक चव्हाण यांना हरवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये अशोकराव भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिखलीकर लोह्यातून अजित पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे आमदार झाले. पक्ष बदलणं हा त्यांचा अधिकार आहे, मी कोणाला दोष देत नाही. पण २०१९च्या त्या लढतीपायी ज्यांनी भावकीत बोलणं टाकलं, एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं, त्यांनी आता तरी ते धरून ठेवू नये. आरक्षणाच्या वादात ‘अमक्याच्या दुकानात जायचं नाही’ ही भाषा मराठवाड्यात ऐकू आली. आज परप्रांतीयावर चालणारं शस्त्र उद्या शेजारच्या आळीवर चालतं. निष्ठा वाईट नाही. भावकी, जात, पक्ष, गाव यांच्या आधारानेच गरीब माणूस तगतो. पण निष्ठेने मदतीचा हात द्यावा, डोळे बांधू नयेत.

म्हणून चार गोष्टी करा, एवढं माझं मागणं आहे.

मोबाइलवर आकडा आला की तो कशाचा ते विचारा. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदले गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यात सर्वांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा आहे. तुमची आई, तुमची सूनही त्यात मोजलेली असेल. असा आकडा भीती दाखवायला वापरणाऱ्याला तिथंच थांबवा.

जो नियम चाकणमधल्या आपल्या पोराला लागावा असं वाटतं, तोच लोह्यात आलेल्या पोराला लावा. भारताच्या संविधानाच्या १९व्या कलमाने देशात कुठंही जाण्याचा, राहण्याचा आणि कामधंदा करण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. त्या हक्कावरच आपला गडी कर्नाटकाच्या फडात उभा राहतो. आलेल्या माणसाने इथली भाषा शिकावी, गावाची रीत पाळावी, ही अपेक्षा जरूर ठेवा आणि आपल्या लेकरांनाही परमुलखात तेच सांगा.

गुत्तेदाराला मजुरीचा दर विचारा. घर बांधायला काढाल तेव्हा ‘टोळी स्वस्त आहे ना’ एवढंच विचारू नका, माणसाला हातात किती देता तेही विचारा. आणि बांधकामावर जाणाऱ्या आपल्या माणसाची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर ज्याचं नुकसान होतं त्याला हातात कसब मिळालं पाहिजे. फरशी, वायरिंग, वेल्डिंग शिकायला त्याला आयटीआयची वाट दाखवा.

आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी बोलताना आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगून बघा, मग उत्तर द्या. नाक्यावरच्या मजुराच्या बाजूने बोलणारा द्वेष्टाच असतो असं नाही, आणि बाहेरच्या मजुराच्या बाजूने बोलणारा गावद्रोही नसतो.

येत्या ग्रामसभेत दोन मागण्या लिहून द्या, सगळ्या पक्षांच्या माणसांनी मिळून द्या. गावातून तोडीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवा, आणि गावात कामाला येणाऱ्या प्रत्येक मजुराचीही. कोण गेलं, कोण आलं, कोणाला काय मजुरी मिळाली, हे कागदावर आलं की भांडायला गटाची गरज उरणार नाही. मग भांडण होईल ते मजुरीच्या दरावर होईल आणि त्या भांडणात आपण सगळे एका बाजूला असू.