नोकरी सोडणे हा गुन्हा कधीपासून झाला?

आखातातून परतलेल्या मजुराला गावात दोन प्रश्न विचारले जातात : किती आणलेस, आणि पुन्हा कधी जाणार? तू तिथून सुटलास कसा, हा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या मते तोच खरा राजकीय प्रश्न होय, आणि आपल्या चळवळीनेही तो आजवर पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

संगमेश्वर तालुक्यातील एक वेल्डर मध्यंतरी आमच्या कचेरीत आला होता. शारजातील एका कंपनीत त्याने सहा वर्षे काढली. वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्याने महिन्याची रीतसर आगाऊ सूचना देऊन राजीनामा दिला. महिना भरला तेव्हा मॅनेजरने त्याच्यापुढे वर्क परमिट रद्द करण्याचा कागद ठेवला. ‘माझी सर्व देणी मला मिळाली’ असे त्या कागदावर छापलेलेच असते. हाती तर एक दिरहॅमही पडला नव्हता. ‘आधी सही कर, हिशेब मग बघू’ असे उत्तर मिळाले. त्याने सही केली नाही. आठवड्याभरात कंपनीने हा इसम कामावरून पळून गेल्याची नोंद सरकारदप्तरी करून टाकली. राजीनामा देणारा माणूस फरारी ठरला! परवाना संपला, मुक्काम बेकायदा झाला आणि दररोज ५० दिरहॅमप्रमाणे दंड चढू लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात तेथील सरकारने दंडमाफी जाहीर केली, तेव्हा कोठे तो घरी पोहोचला. वडील तोवर गेले होते. तेथील कायद्याने पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून द्यावा लागतो; ती रक्कम कंपनीने गिळली. ‘दंड माफ केला, हे त्यांचे उपकारच’ असे तो आम्हांला सांगत होता. ज्या व्यवस्थेने लुबाडलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य घातले, तिची तपासणी करणे प्राप्त आहे.

या व्यवस्थेचे नाव कफाला. मजुराचा व्हिसा आणि त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हे दोन्ही एका मालकाच्या, कफीलाच्या, नावाशी बांधलेले असतात. काम सुटले की परवाना सुटतो, आणि परवाना सुटला की त्या भूमीवर पाय ठेवण्याचा हक्कही सुटतो. मालकाने पगार चार महिने थकविला तर तो दिवाणी तंट्याचा विषय होतो; मजूर चार दिवस गैरहजर राहिला तर मात्र तो पोलिसांचा विषय होतो. सौदी अरबस्तानात या नोंदीला ‘हुरूब’ म्हणतात. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांत हा अरबी शब्द बायकामुलांनाही ठाऊक आहे, यातच सारे आले.

काही विद्वान याला अरबांची जुनी रीत म्हणून बाजूला सारतात. त्यांनी थोडे आपल्या इतिहासात डोकवावे. कराराचा भंग करणाऱ्या कामगाराला फौजदारी शिक्षा देणारा कायदा इंग्रज सरकारने १८५९ साली याच देशात केला होता. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. गिरमिटियांना मळ्यावरून निघून गेल्याबद्दल तुरुंग दाखविला जाई. पळता न येणारा मजूर हा स्वस्त मजूर असतो, हे गणित भांडवलाला कोणत्याही धर्माने वा वाळवंटाने शिकविलेले नाही.

सुधारणा झाल्या नाहीत काय? झाल्या. बहारीनने २००९ साली कफाला रद्द केल्याचा डंका पिटला. २०१७ मध्ये मजुराला मालकाविना स्वतःच्या नावाने परवाना घेण्याची सोयही केली. २०२२ साली ती गुंडाळली. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांना देश सोडताना लागणारी मालकाची परवानगी काढून टाकली आणि २०२० मध्ये नोकरी बदलताना लागणारे ना-हरकत पत्रही रद्द केले. त्यामागे २०२२ च्या फुटबॉल स्पर्धेवर खिळलेले जगाचे डोळे आणि कामगार संघटनांचा रेटा होता, हे विसरता कामा नये. सौदी अरबस्तानाने मार्च २०२१ पासून वर्षभराच्या नोकरीनंतर मालक बदलण्याची मुभा दिली, परंतु घरकामगार, ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना तीतून वगळले. ज्यांना सर्वांत अधिक गरज, तेच नेमके बाहेर! आणि कुवेतने तर १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांवर मालकाच्या संमतीने मिळणारा निर्गमन परवाना नव्याने लादला. गोव्यातील कित्येक कुटुंबे पिढ्यानुपिढ्या कुवेतच्या पगारावर उभी आहेत. ख्रिसमसला घरी यायचे, तर आता आधी मालकाचा होकार!

आता आपल्या सरकारकडे वळू. २०१६ च्या उन्हाळ्यात सौदी ओजर या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार जेद्दाच्या परिसरात पगाराविना आणि अन्नाविना अडकून पडले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ती वार्ता स्वतः जाहीर केली, राज्यमंत्री तेथे धावले, धान्य पोहोचले. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु घरी जाण्यासाठी मालकाच्या संमतीशिवाय व्हिसा मिळावा, एवढ्यासाठी दोन सरकारांना वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि माणसे थकलेल्या पगाराचे दावे मागे ठेवून रिकाम्या हातांनी विमानात बसली. पुढे २०२० साली महामारीत लक्षावधी लोक परतत असताना, सप्टेंबरमध्ये, आपल्याच सरकारने आखाती देशांसाठी ठरविलेले किमान संदर्भ वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. तेलंगणाच्या उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर २०२१ मध्ये ते परिपत्रक मागे घ्यावे लागले. मजुराच्या घामाचा भाव त्याच्याच सरकारने उतरविल्याचे याहून निर्लज्ज उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आणि हेच सरकार परदेशातून येणाऱ्या पैशाचे आकडे अभिमानाने मिरविते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे त्या पैशाचा सुमारे ३८ टक्के भाग सहा आखाती देशांतून आला, आणि राज्यवार हिश्श्यात महाराष्ट्र पहिला होता. पैसा मोजताना काटेकोर असणारे राज्यकर्ते तो पाठविणाऱ्यांचे बुडालेले पगार मात्र मोजीत नाहीत.

‘त्यांना तिथे जा म्हणून कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न आम्ही पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू दिवाणखान्यांत ऐकला आहे. त्याच दिवाणखान्यांतील मुले अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असतात, आणि नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरा मालक शोधा, व्हिसाचा प्रकार बदला किंवा देश सोडा, या नियमाने त्यांची झोप उडते. त्यांची व्यथा खोटी नाही. पण तिची बातमी पहिल्या पानावर येते आणि वेल्डरची कोठेच येत नाही. परवाना मालकाच्या मुठीत असला की संगणकतज्ज्ञही वेठीला धरता येतो. अंतर एवढेच की त्याला निदान ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळू शकते.

परक्या देशाच्या कायद्यात आपण काय करणार, हे दुसरे रडगाणे. फिलिपिन्स काही महासत्ता नव्हे. २०१८ साली कुवेतमध्ये एका फिलिपिनो घरकामगार स्त्रीचे प्रेत शीतपेटीत सापडले, तेव्हा त्या देशाने कामगार पाठविणे थांबविले आणि त्याच वर्षी मे महिन्यात करार करून घेतला. पासपोर्ट कामगाराच्या ताब्यात राहील, हे त्यात लिहवून घेतले. भारत त्याहून कितीतरी अधिक माणसे पाठवितो. खेरीज १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांनुसार मोठ्या भरती-एजंटाकडून सरकार ५० लाखांची बँक हमी घेते. परदेशातील मालकाने पगार वा ग्रॅच्युइटी बुडविल्यास ती त्या हमीतून ठराविक मुदतीत मिळाली पाहिजे, ही मागणी दिल्लीच्या हातातली आहे. त्यासाठी कोणा अमिराची संमती लागत नाही. मजुराचा राजीनामा वकिलातीत नोंदविण्याची सोय करावी, म्हणजे नंतर केलेली ‘फरारी’ची नोंद खोटी ठरविता येईल, ही दुसरी मागणी.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील शाखांनी हे काम निवेदनापुरते ठेवू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ कचेरी परतलेल्यांसाठी उघडी ठेवावी. करारपत्र, इकाम्याची प्रत, पगाराच्या बँक नोंदी आणि राजीनाम्याची पोच, एवढे कागद प्रत्येकाकडून घेऊन त्याच्या नावाची फाइल करावी. ज्यांचे दावे तेथे पडून आहेत त्यांची मुखत्यारपत्रे वकिलाकडून तयार करून घ्यावीत. जे अद्याप जायचे आहेत, त्यांना निघण्यापूर्वीच बजावावे की पैसे हाती आल्याखेरीज ‘सर्व देणी मिळाली’ या ओळीखाली सही करू नका, आणि राजीनामा तोंडी न देता लेखी देऊन त्याची तारखेसह पोच घ्या. संगमेश्वरच्या त्या वेल्डरपाशी पोच नव्हती. त्याची फाइल आम्ही तरीही उघडली आहे.