भोंगा नसलेली नोकरी



गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मगरिबनंतर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील घरी आले. गृहस्थ दांडीचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षे कामाला. चहा पुढे आला तरी कपाला हात लावेनात. शेवटी म्हणाले, "सर, मुलीला समजवा. नोकरी सोडायला सांगा. तुमचं ऐकते ती."

मुलगी अंधेरीला एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीत कामाला लागून दीड वर्ष झाले होते. पगार वेळेवर घरी येत होता. तक्रार पगाराची नव्हतीच. रात्री अकराला फोन वाजतो, मुलगी फोन घेऊन ओट्यावर जाते, परत येऊन लॅपटॉप उघडते. विचारले तर म्हणते, "क्लायंट आहे अब्बा." एकीकडे घरात तिच्या सोयरिकीचे बोलणे चाललेले. शेजारी बघतात. वडील म्हणाले, "आमची पाळी संपली, भोंगा झाला, की आम्ही मोकळे. हिचा भोंगा कधी वाजतच नाही. ही कसली नोकरी, सर?"

आम्ही मान हलवली आणि "सांगतो" म्हणून मोकळे झालो. ही आमची पहिली चूक.

रविवारी मुलगी आली. आम्ही वर्गात द्यावा तसा उपदेश दिला: तब्येत सांभाळावी, आईवडिलांचा विचार करावा, बोईसरलाच काहीतरी बघावे. तिने सगळे ऐकून घेतले. मग अगदी अदबीने विचारले, "सर, मी तिथं काय काम करते हे तुम्हाला माहीत आहे का?"

आम्हाला माहीत नव्हते. तिच्या अब्बांनाही नव्हते. दीड वर्षात घरात कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या भागातल्या आईवडिलांचा यात फार दोष नाही. आपल्या किनाऱ्याला दोन प्रकारची कामे ठाऊक. एक समुद्राचे, ते भरती-ओहोटी बघून चालते. दुसरे कारखान्याचे, ते घड्याळावर चालते. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि घराघरांत पाळीचा डबा भरला जाऊ लागला. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा मुलांना तिसरी वाट मिळाली. सकाळी दांडीहून रिक्षाने बोईसर, तिथून गाडीने अंधेरी. जायला-यायला मिळून चार-पाच तास सहज जातात. पण त्या वाटेच्या टोकाला नेमके काय चालते, ते घरी पोहोचत नाही.

म्हणून तिच्याकडून, आणि पुढच्या महिन्याभरात पालघर, बोईसर, वसईच्या आमच्या आणखी चार-पाच जुन्या विद्यार्थ्यांकडून जे ऐकले, ते इथे मांडतो. ही सगळी मुले अशाच वेगवेगळ्या एजन्सींत काम करतात.

आधी काम समजून घेऊ. एखादा बिल्डर, दागिन्यांचे दुकान किंवा मसाल्याची कंपनी आपली इंटरनेटवरची जाहिरात स्वतः करत नाही. ते काम एजन्सीला देते आणि दरमहा ठरलेली रक्कम मोजते. एजन्सीत कोणी मजकूर लिहितो, कोणी चित्र आणि व्हिडिओ करतो, कोणी गूगल-फेसबुकवर जाहिरातीचा पैसा कसा लावायचा ते बघतो, आणि कोणी एक जण ग्राहक कंपनीशी बोलतो. तोच तो 'क्लायंट'चा फोन. एजन्सीचा कच्चा माल म्हणजे या मुलांचे तास. एकाच मुलीकडे तीनऐवजी सहा क्लायंट दिले की एजन्सीची मिळकत वाढते, पगार मात्र तोच राहतो. रात्री अकराच्या फोनचे मूळ इथे आहे.

चांगले काय, असे विचारले तर सगळ्यांची उत्तरे जवळपास सारखी आली. इथे आडनाव किंवा कॉलेजचे नाव फारसे कोणी विचारत नाही. काम दाखव म्हणतात. शिकायला भरपूर मिळते. दोन वर्षांत माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. बरोबरची मुले तरुण असतात, एकमेकांना सांभाळून घेतात. आमच्या विद्यार्थिनीने सांगितलेली एक गोष्ट ऐकून तर आम्हाला गहिवरून आले. तिच्या ऑफिसात इंग्रजीचे मराठी करणारे पुष्कळ आहेत, पण मराठीतच विचार करून लिहिणारी ती एकटी. "तुमच्या निबंधांचा पगार मिळतो, सर," म्हणाली.

चांदरातीची आठवण तिने हसत सांगितली. प्रत्येक क्लायंटला ईदच्या शुभेच्छा सगळ्यांच्या आधी टाकायच्या असतात, पण चंद्र कोणाच्या हातात! मग सगळे ऑफिस तिलाच विचारते, "दिसला का? उद्या की परवा?" दोन्ही तारखांची चित्रे तयार ठेवून ती घरी येते. शीरखुर्म्याचे दूध आटत असते, अम्मी हाका मारते, आणि ही सात कंपन्यांच्या नावाने लोकांना ईद मुबारक करत बसते. हसता हसता थांबून म्हणाली, "घरच्यांना मुबारक म्हणायचं सगळ्यात शेवटी राहतं."

वाईट काय, याचीही उत्तरे मिळतीजुळती होती. सुट्टीच्या दिवशीही निरोप येतात. काम मंजूर होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून करायला सांगतात. सणासुदीला जगाला सुट्टी, यांना दुप्पट काम. सुरुवातीचा पगार प्रवास आणि डबा वजा जाता फार उरत नाही. एक मुलगा म्हणाला, "पूर्वी दिवसाला चार मजकूर मागायचे. आता संगणकच लिहून देतो ना, म्हणून दहा मागतात. तपासायला लागणारा वेळ कोणी मोजत नाही."

इथे कायद्याचे दोन शब्द सांगायला हवेत. कारखान्याला जसा कायदा आहे, तसा ऑफिसलाही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला ठरवला. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांपर्यंत नेण्यास, आणि हा कायदा १० ऐवजी २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लावण्यास मंजुरी दिली. तेव्हा नोकरी धरताना ऑफिसात माणसे किती आणि सध्या नियम काय, हे विचारून घ्यावे. पण घरी बसून फोनवर केलेले काम हेही कामच आहे, हे मुलांनाही माहीत नसते आणि आपल्यालाही नसते. भोंगा नसला तरी तास मोजता येतात. आम्ही त्या मुलीला एक वही दिली. रोज किती वाजता काम सुरू झाले आणि शेवटचा फोन किती वाजता ठेवला, एवढेच तीत लिहायचे.

वही घेताना तिने खरी गोष्ट काढली. तास सोसता येत होते. टोचत होते ते वेगळेच. एका क्लायंटच्या वस्तूवर खोट्या नावांनी पाच-पाच तारे देऊन अभिप्राय लिहायचे काम तिला सांगितले होते. 'माझ्या आईला खूप फरक पडला' असे, जिच्या आईने ती वस्तू पाहिलीही नाही, तिने लिहायचे. शिवाय माल पडून असताना 'शेवटचे ३ शिल्लक' लिहायचे. म्हणाली, "सर, अब्बांना वाटतं मी फोनवर काहीतरी लपवते. लपवते ते हे आहे. हा पगार घरात देताना हात जड होतो."

खोट्या मापाने दिलेला माल आणि खोट्या शब्दाने विकलेला माल, यांत फरक तो काय? आपल्या घरात हलाल रोजीची गोष्ट ताटावरच्या घासापुरती राहते. कामाच्या टेबलापर्यंत ती न्यायला हवी. आणि हा केवळ ईमानाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९०००:२०२२ हे मानक काढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन युक्त्यांची यादी जाहीर केली. 'लवकर घ्या, संपत आले' अशी खोटी घाई करणे ही त्यांतलीच एक. म्हणजे ही मुलगी 'नाही' म्हणाली असती, तर कायदा तिच्या बाजूचा होता. तिला तसे कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक गंमत ऐका. नोकरी शोधताना मुले ग्लासडोअर, अँबिशनबॉक्स अशा ठिकाणी एखाद्या कंपनीबद्दल तिथल्याच नोकरदारांनी लिहिलेले मत वाचतात. तिच्या ऑफिसने एके दिवशी सगळ्यांना निरोप धाडला, 'आपल्या कंपनीबद्दल छान लिहा.' सगळ्यांनी लिहिले. मग नोकरदारांचे खरे मत कुठे सापडायचे? ते सापडते दस्तरखानावर, रात्रीच्या जेवणाला. पण तिथे आपण विचारतो काय? "पगार झाला का?" आणि "उशीर का झाला?"

आम्ही तिच्या अब्बांना पुन्हा घरी बोलावले. या वेळी उपदेश केला नाही. मुलीलाच म्हटले, "फोन उघड आणि कालचं काम अब्बांना दाखव." एका डाळीच्या कंपनीची मराठी जाहिरात होती. ते चष्मा लावून दोनदा वाचत बसले. मग रात्रीचे फोन पाहिले: 'अक्षर मोठे करा', 'रंग बदला', 'किंमत चुकली'. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "एवढ्यासाठी रात्री उठवतात?" राग होताच, पण आता तो मुलीवर नव्हता. खोट्या अभिप्रायांचे तिने स्वतःच सांगितले. तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ते लिहू नको. पगार कमी आला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना सांगितले, खोटे लिहिणार नाही. खऱ्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारते, त्यांनी परवानगी दिली तर त्यांचेच शब्द टाकू. आले ते थोडे, आणि सगळे पाच ताऱ्यांचे नव्हते. ते काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिले. त्या वर्षीची तिची पगारवाढही राहिली. सगळे गोड झाले असे आम्ही लिहिणार नाही. ती अजून तिथेच आहे, दुसरीकडे अर्ज करते आहे, आणि मुलाखतीत आता स्वतः प्रश्न विचारते: एकाकडे किती क्लायंट असतात? सुट्टीच्या दिवशी फोन कोण घेतो? राजीनामा दिल्यावर किती दिवस थांबावे लागते? मागच्या वर्षी किती जण सोडून गेले? आणि, अभिप्राय कोण लिहितो?

माता-पित्यांनो, हे पाच प्रश्न मुलांनी विचारायचे. आपल्या वाट्याला एकच येतो. आज रात्री मूल थकून घरी येईल, तेव्हा पाण्याचा ग्लास द्या, जरा बसू द्या आणि विचारा, "आज काय काम केलंस, दाखव बघू." तिच्या अब्बांनी तो प्रश्न दीड वर्ष उशिरा विचारला, आम्ही शिक्षक असून त्यांच्याही मागे राहिलो.

आता त्या घरात रात्री साडेनऊला अब्बाच हाक मारतात, "चल, भोंगा झाला!" फोन कधी बंद होतो, कधी होत नाही. पण मुलगी ओट्यावर जात नाही. तिथेच, सगळ्यांत बसून बोलते.