पुडी माझी, पोट बाबांचं

ऑफिसात ब्रेकअपबद्दल बोलता येतं. अप्रेझलबद्दल तर आपण रोजच बोलतो. पण 'सकाळी पोट साफ झालं नाही' हे कुणी म्हणत नाही. 'आज जरा मूड नाही रे' म्हणायचं आणि तिसरी कॉफी घ्यायची. म्हणून आज मीच सुरुवात करते.

मी मूळची जालन्याची. 'जालना, सोने का पालना' ऐकत आणि ज्वारीची भाकरी खात मोठी झालेली. पुण्यात आले आणि भाकरीच्या जागी डेस्कवरचं सँडविच आलं. पाणी कमी, खुर्ची जास्त. पुढचं सांगायला नको! दिवाळीत घरी गेले तर बाबांचीही तीच तक्रार. त्यांना साठीत, गेल्या काही महिन्यांत सुरू झालेली. आईने दोघांनाही वैद्यांकडे नेलं.

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "रात्री गरम दूध घेतलं तर सकाळी काय होतं?"

मी म्हटलं, "काहीच होत नाही." बाबा म्हणाले, "पूर्वी तेवढ्यानेच भागायचं."

"म्हणजे तुझा कोष्ठ क्रूर, बाबांचा मृदू." दोघांना वेगवेगळं चूर्ण मिळालं. मला हा फंडा जाम आवडला. मेडिकलमध्ये सगळ्यांना एकच बाटली, इथे मात्र खास माझ्यासाठी बनवलेलं औषध. पुण्यात आठवडाभरात मी एकदम खूश. लंचला मैत्रिणींना सांगत सुटले, "बॉस, माझ्या प्रकृतीला काय परफेक्ट लागू पडलंय!"

नवव्या दिवशी आईचा फोन. "अगं, पुड्यांची अदलाबदल झाली. तुझी इथेच राहिली."

म्हणजे नऊ दिवस मी बाबांचं औषध घेत होते. आणि तिकडे बाबा माझं औषध घेऊन, पोटात मुरडा येऊन, दिवसातून चार वेळा पळत होते. वैद्यांना विचारलं तेव्हा कळलं, दोन्ही चूर्णांत सोनामुखी होती. माझ्यात जास्त, बाबांच्यात कमी. हीच सोनामुखी मेडिकलमधल्या कित्येक रेचक गोळ्यांतही असते.

मग मला नेमका गुण कशाने आला? त्या थोड्याशा सोनामुखीने? आईने बांधून दिलेल्या ज्वारीच्या पिठाने? की 'खास माझ्यासाठी' या दोन शब्दांनी? खरं सांगते, मला कळलं नाही. एका माणसाच्या नऊ दिवसांवरून ते कळतही नाही.

पण प्रत्येकाचं औषधच वेगळं असेल तर ते तपासायचं कसं? चिनी वैद्यकातही नाडी आणि जीभ पाहून माणसागणिक वेगळा काढा देतात, त्यामुळे तिथेही हाच पेच. सिडनीतल्या संशोधकांनी त्यावर झकास तोड काढली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आयबीएसचे, म्हणजे कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब अशा पोटाचे, ११६ रुग्ण होते. चिनी वैद्यांनी प्रत्येकाला तपासून हवं ते औषध लिहून दिलं. पण कॅप्सूल द्यायच्या त्या तिसऱ्याच माणसाने. काहींना त्यांचं स्वतःचं औषध, काहींना सगळ्यांसाठी एकच ठराविक मिश्रण, काहींना नुसत्याच दिखाऊ कॅप्सूल. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि वैद्यालाही नाही. आमच्या घरी चुकून झालं, ते तिथे ठरवून केलं!

१६ आठवड्यांनंतर दोन्ही औषधं दिखाऊ कॅप्सूलपेक्षा सरस ठरली. पण 'खास' औषध ठराविक मिश्रणाच्या पुढे गेलं नाही. औषध थांबवून १४ आठवडे झाल्यावर मात्र फायदा टिकला तो 'खास'वाल्यांचाच. म्हणजे दोन्ही पक्षांना अर्धे-अर्धे मार्क.

हाँगकाँगच्या २०१९च्या अभ्यासात बद्धकोष्ठाचे २९१ रुग्ण होते. तिथे चिनी मिश्रणाने ६८ टक्के, सोनामुखीने सुमारे ५८ टक्के आणि दिखाऊ औषधाने ३३ टक्के लोकांना गुण आला. तो शेवटचा आकडा पुन्हा वाचा. तिघांतल्या एकाला काहीही न घेता बरं वाटलं! लंचला गप्पा मारणारी मी त्यांतलीच एक असू शकते.

आपल्याकडेही हे जमतं. कोइमतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर असाच अभ्यास झाला, तो २०११ साली छापून आला. त्यात वैद्यांना रुग्णागणिक औषध बदलायची मोकळीक होती, तरी कोण कुठल्या गटात हे झाकलेलं होतं. गट लहान होते, पण 'आमचं शास्त्र असं तपासता येत नाही' ही सबब त्यानंतर चालत नाही.

आणि बाबा? मुरडा थांबला तरी थकवा जाईना. तेव्हा वैद्यच म्हणाले, "या वयात नव्याने सुरू झालंय, आधी रक्त तपासून घ्या." थायरॉइड कमी निघालं. त्यानेही पोट जड होतं. आता रोज सकाळी एक छोटी गोळी घेतात आणि पेपर घेऊन आत जातात ते खुशीत बाहेर येतात. ती गोळी कुणी खास बाबांसाठी बनवलेली नाही. तिचा डोस मात्र त्यांच्या रिपोर्टवरून ठरलाय.

मी आता वही केलीय. आधी दोन आठवडे काहीही न घेता नुसतं लिहायचं, मग एका वेळी एकच बदल. सध्या भाकरी जिंकतेय. तुम्हीही करून बघा. पण रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा घरातल्या पन्नाशीपुढच्या कुणाची सवय अचानक बदलली असेल, तर वही नको, थेट डॉक्टर.

आणि हो, आई आता प्रत्येक पुडीवर स्केचपेनने नाव लिहिते. ठळक अक्षरात!