चौथऱ्यावरचे विमान

पुण्याच्या कमला नेहरू पार्कात एचएफ-२४ मरुत जातीचे एक विमान ठेवलेले आहे. भारतात विकसित झालेले हे पहिले जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० घडवणारे कुर्ट टँक बंगळुरूला आले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या अभियंत्यांना हाताशी धरून त्यांनी ते आखले. १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते लढले. एकूण १४७ मरुत बांधली गेली, आज त्यांतली मोजकीच शिल्लक आहेत. त्यांपैकी एक म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयात आहे. तिथे ते विमानविद्येच्या इतिहासातला एक दुवा म्हणून पाहिले जाते. पुण्यात मात्र बागेत फिरायला आलेल्या मुलाने ‘हे कोणतं विमान?’ असे विचारले, तर किती आईबापांना उत्तर देता येईल?

चंद्रपुरात बसून पुण्याची उठाठेव करण्याला कारण आहे. निवृत्त लढाऊ विमान आपल्याही गावात असावे, ही हौस आता जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहे. बल्लारपूरच्या वाटेवर २०१९ मध्ये सैनिकी शाळा सुरू झाली. साताऱ्यानंतरची ही राज्यातली दुसरी. त्यामुळे लष्कराविषयीचे कुतूहल इथल्या मुलांत वाढले असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा विमान जरूर मागावे. पण कोणते मागायचे आणि आणल्यावर ते सांभाळणार कोण, हे आधी ठरवावे.

सांभाळणाऱ्या हातांची महती लिबरेटर बॉम्बरच्या कहाणीतून कळते. अमेरिकेने ही चार इंजिनांची विमाने १८ हजारांहून अधिक बांधली. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांतली काही कानपूरला टाकून दिली गेली, आणि पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून जाताना मोडूनही ठेवली गेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली निवडून उडण्याजोगी केली आणि वैमानिक जमशेद ऊर्फ जिमी मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. तिथे पुरती दुरुस्ती होऊन ती हवाईदलात आली. पुण्याच्या लोहगावहून याच विमानांनी अरबी समुद्रावर टेहळणी केली. १९६८ अखेर ती निवृत्त झाली, तोवर जगात इतरत्र बहुतेक लिबरेटर भंगारात गेली होती. ब्रिटनच्या हवाईदल संग्रहालयाने, कॅनडाने आणि खुद्द अमेरिकेतल्या संग्रहालयांनी मग भारताकडून ती नेली. मोडून फेकलेला माल ज्यांनी वीस वर्षे उडता ठेवला, त्या कारागिरांची ही पुण्याई.

आपल्या राज्याची वही उघडली तर नोंद नेमकी उलटी दिसते. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय झाले, २०१२ मध्ये ते बंद पडले आणि २०१४ मध्ये नौका भंगारात निघाली. ‘विराट’साठी २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचे संग्रहालय मंत्रिमंडळाने मंजूर केले. ती नौकाही शेवटी अलंगला तोडली गेली. डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बाजारवर हल्ला चढवणाऱ्या सी हॉक जातीचे विमान आज पाहायचे, तर गोव्यात दाबोळीला जावे लागते. नौदलाने १९९८ मध्ये तिथे उघडलेल्या संग्रहालयात ते आहे आणि जगात दोनतीनच उरलेले शॉर्ट सीलँड हे पाण्यावर उतरणारे विमानही आहे. घोषणा आपण कमी केल्या नाहीत. देखभालीचा खर्च कोण करणार, या प्रश्नाशी मात्र प्रत्येक वेळी अडलो.

आणि चंद्रपूर काही दाबोळी नव्हे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर राहतो, मग चार महिने पाऊस झोडपतो. वर महाऔष्णिक वीज केंद्राची राख आणि कोळशाची धूळ. अशा हवेत उघड्यावर ठेवलेल्या विमानाच्या काचा धुरकटतात, टायर चिरतात, इंजिनाच्या तोंडातून पाखरे घरटी करतात. ॲल्युमिनियमच्या सांध्यांत राख आणि ओल साचली की धातू आतून खायला सुरुवात होते. वरून नवा रंग फासला की शेपटीवरचा क्रमांक झाकला जातो, आणि क्रमांक गेला की त्या विमानाचा इतिहासही शोधता येत नाही. म्हणून पहिली अट छपराची. दुसरी अट रोजच्या कामाची. ती चंद्रपूरकरांना नव्याने शिकवायला नको. खांडक्या बल्लाळशहाच्या गोंडकालीन परकोटावरची झाडेझुडपे २०१७ पासून इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी पहाटे उठून हटवली, तेव्हा कुठे त्या भिंती लोकांच्या नजरेस पडल्या.

राहिला प्रश्न कोणत्या विमानाचा. मिग वा मरुत आणले तर फोटो चांगले निघतील, पण या जंगलाशी त्यांचे काही नाते नाही. इथल्या आभाळात दिसते ते हेलिकॉप्टर. १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानासाठी गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रे पोचवायला हवाईदलाची एमआय-१७ धावली. या हेलिकॉप्टरचे मूळचे रूप एमआय-८. ते सियाचिनपासून श्रीलंकेपर्यंत सेवा करून डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्त झाले. मागायचेच असेल तर त्यांतले एक मागावे.

मात्र त्याच्याशेजारच्या फलकावर निव्वळ शौर्यगाथा लिहून भागणार नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट तुटली की रुग्णाला उचलून नेते ते हेलिकॉप्टर. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले आणि मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ जवान व वाहनचालक गेले, तीही गडचिरोली जिल्ह्याचीच हकिगत. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यात नोव्हेंबर २००८ मध्ये निवडणूक पथकाला परत आणणाऱ्या हवाईदलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळ्या झाडल्या आणि सार्जंट मुस्तफा अली आपल्या जागीच मारले गेले. पंख्यांची घरघर ऐकून माडिया गावात कुणाला दवाखाना आठवतो, कुणाला चकमक. दोन्ही बाजू सांगण्याची तयारी असेल, तरच त्याला संग्रहालय म्हणावे.

देखभालीसाठी माणसे बाहेरून आणण्याची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयटीआयमधली फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनची मुले दर वर्षी या यंत्रावर काम करू शकतील, हवाईदलाच्या निवृत्त तंत्रज्ञांनी त्यांना शिकवावे. पत्रा, रिव्हेट आणि गंज यांच्याशी झटलेल्या मुलाला पुढे विमान दुरुस्तीचे दार उघडे होईल. चौथऱ्यावरच्या शोभेच्या विमानातून असा एकही कारागीर घडत नाही.

तेव्हा लोकप्रतिनिधींनी हवाईदलाला पत्र धाडण्याआधी एक ठराव करावा: छप्पर कोणत्या निधीतून, वार्षिक देखभालीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली, आणि जबाबदार अधिकारी कोण. ही तीन उत्तरे कोनशिलेवर उद्घाटकाच्या नावाच्या वर कोरावीत. ती देता येत नसतील, तर विमान हवाईदलाकडेच राहू द्यावे.