सीरियल क्लॉकला स्वतःचा क्रिस्टल द्या

घरी बांधलेल्या जुन्या धाटणीच्या संगणकांवरचे लेख या मासिकाकडे सातत्याने येतात आणि त्यांतले कित्येक उत्तम असतात. ॲड्रेस डीकोडिंगवर दोन पाने, मेमरीच्या टायमिंगचा तक्ता, बोर्डाचे फोटो. सीरियल पोर्टचा विषय मात्र एका ओळीत उरकलेला असतो: ‘यूएआरटीला क्लॉक प्रोसेसरकडूनच दिला आहे.’ आणि शेवटी तक्रार, की टर्मिनलवर काही अक्षरे बरोबर उमटतात, काही भलतीच. मग केबलवर संशय, मॅक्स२३२ वर संशय, स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय. दोष बहुतेकदा त्या एका ओळीत असतो.

१ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ घ्या. ९६०० बॉडसाठी यूएआरटीला सोळापट, म्हणजे १,५३,६०० हर्ट्झचा क्लॉक लागतो. दहा लाखांना त्याने भागले की ६.५१ येतात. साधा काउंटर साडेसहाने भागत नाही. सहाने भागले तर वेग साडेआठ टक्के जास्त, साताने भागले तर सात टक्के कमी. साताचा पर्याय घेऊन कॅपिटल ‘ए’ पाठवला, हेक्समध्ये ४१, तर काय होते ते पाहा. समोरचे टर्मिनल नेमके ९६०० ने वाचते आहे, त्यामुळे प्रत्येक पुढच्या बिटचा नमुना ते थोडे आधीच घेते. पहिल्या सहा बिटपर्यंत निभावते. सातव्याचा नमुना दोन बिटांच्या अगदी सीमेवर पडतो, आठव्याच्या जागी सातवाच वाचला जातो आणि स्टॉप बिटच्या जागी आठवा. म्हणून तोच ‘ए’ कधी ८१ होऊन येतो, कधी सी१ होऊन, आणि दर वेळी फ्रेमिंग एरर लागतो. कधी असे, कधी तसे होत असल्यामुळे हा दोष सैल जोडणीसारखा भासतो आणि माणूस आठवडाभर सोल्डरिंग तपासत बसतो.

चूक किती चालते? रिसीव्हर स्टार्ट बिटची उतरती कड क्लॉकच्या एका ठोक्याच्या, म्हणजे बिटच्या सोळाव्या भागाच्या अचूकतेने पकडतो. तिथून आठ ठोके मोजून मध्य गाठतो आणि पुढे दर सोळा ठोक्यांनी एक नमुना घेतो. स्टॉप बिटचा मध्य साडेनऊ बिटांवर येतो. तिथे पोहोचेपर्यंतची घसरण, तो सोळावा भाग धरून, अर्ध्या बिटच्या आत राहायला हवी. हिशेब केला तर दोन्ही टोकांची मिळून साडेचार टक्क्यांच्या आसपास सूट मिळते. लांब केबलमध्ये कडा बोथट होतात आणि समोरचे यंत्रही नेमके नसते, म्हणून आपल्या बाजूने दोन टक्क्यांची मर्यादा पाळावी. ८२५१ किंवा ६८५० एकपट मोडमध्ये टाकून हिशेब सोपा करण्याचा मोह होतो. त्या मोडमध्ये चिप बिटचा मध्य स्वतः शोधत नाही, क्लॉक आणि डेटा बाहेरूनच जुळवून द्यावे लागतात. टर्मिनलसाठी तो वापरू नये.

१.८४३२ मेगाहर्ट्झ हा आकडा दिसतो विचित्र, पण ११५२०० ला सोळाने गुणले की तोच येतो आणि त्याला १२ ने भागले की ९६०० चा सोळापट क्लॉक मिळतो. एएसआर-३३ टेलिटाइपचे ११० बॉड त्यात पूर्णांकात बसत नाहीत, भागाकार १०४७.२७ येतो, पण १०४७ ने भागले तरी चूक ०.०३ टक्क्यांहून कमी राहते. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या मुख्य बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. तरीही सीरियल कार्डावरच्या ८२५० साठी त्यांनी १.८४३२ चा क्रिस्टल वेगळा लावला. आमचे म्हणणे तेच आहे. सीरियल पोर्टला स्वतःचा क्रिस्टल द्या.

कारण केवळ भागाकाराचे नाही. आपल्या संगणकात प्रोसेसरचा क्लॉक कधी स्थिर राहत नाही. आज ४ मेगाहर्ट्झ, महिन्याने ६. बस तपासायची म्हणून एकेक ठोका हाताने द्यायचा. सीरियल क्लॉक स्वतंत्र असेल तर यूएआरटीत पोहोचलेले अक्षर प्रोसेसर थांबला तरी पूर्ण बाहेर पडते आणि वेग बदलला तरी टर्मिनलची सेटिंग बदलावी लागत नाही. ८२५१ए वापरणाऱ्यांनी एक पथ्य सांभाळावे: सोळापट मोडमध्ये तिच्या सीएलके पिनवरचा क्लॉक टीएक्ससी-आरएक्ससीच्या साडेचारपटीहून जास्त असायला हवा, म्हणून तो थांबवता येणारा नसावा.

एकाच क्रिस्टलवर सगळे चालवायचे असेल तर तो सीरियलच्या हिशेबाने निवडा. ग्रँट सर्ल यांच्या झेड८० च्या रचनेत आणि पुढे आरसी२०१४ मध्ये ७.३७२८ मेगाहर्ट्झ आहे; ६८बी५० त्याला ६४ ने भागून ११५२०० काढते. ही रचना जगभर शेकडो टेबलांवर चालते आहे. पण ६८बी५० च्या डेटाशीटमध्ये त्या मोडसाठी १.५ मेगाहर्ट्झपर्यंतचीच हमी आहे हे नकाशावर लिहून ठेवावे, म्हणजे एखाद्या जुन्या चिपने दगा दिला तर कुठे पाहायचे ते कळेल.

४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटरच हाताशी असेल त्यांना १३ हा आकडा तारतो. ४ मेगाहर्ट्झला १३ ने भागले की १९२०० बॉडचा सोळापट क्लॉक मिळतो आणि चूक फक्त ०.१६ टक्के. ७४एचसी१६३ मध्ये ३ भरा, कॅरी उलटा करून लोडला जोडा. काउंटर ३ ते १५ मोजत राहतो. क्लॉक कॅरीवरून घेऊ नका, तिथे एकाच ठोक्याची बारीक पट्टी मिळते. क्यूडीवर पाच ठोके खाली, आठ ठोके वर अशी ऐसपैस लाट असते.

आमची आवडती रचना मात्र ७४एचसी४०६० ची. ऑसिलेटर आणि काउंटर एकाच आयसीत. १० आणि ११ क्रमांकाच्या पिनांवर २.४५७६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि रेझिस्टर-कपॅसिटर, १२ वरचा रीसेट ग्राउंडला. ७ क्रमांकाच्या पिनवर १६ ने भागलेला क्लॉक येतो, म्हणजे ९६०० चा. पिन ५ वर ४८००, पिन ४ वर २४००, पिन ६ वर १२००, पिन १४ वर ६००, पिन १३ वर ३००. पिनांचा क्रम उलटसुलट आहे, म्हणून जंपरच्या शेजारी बॉड छापा. क्रिस्टल आयसीला चिकटून बसवा. ब्रेडबोर्डाच्या पट्ट्यांतली काही पिकोफॅरडची धारिता कपॅसिटरांच्या हिशेबात धरावी लागते.

पॉलिटेक्निकच्या ८०८५ किटवर शिकलेल्यांना क्रिस्टल आणि भागाकाराची एक सुबक जोडी आधीच हाती लागली आहे. इंटेलच्या एसडीके-८५ प्रमाणे ज्या किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, तिथे प्रोसेसर त्याचा निम्मा, ३.०७२ मेगाहर्ट्झ, बाहेर देतो. आणखी एकदा अर्धा करून ८२५३ मध्ये १० भरले की नेमके १,५३,६०० हर्ट्झ. आधी अर्धा करायचा, कारण ८२५३ ला ३ मेगाहर्ट्झ झेपत नाहीत. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत ‘साधारण दोन मेगाहर्ट्झचा’ क्रिस्टल मागू नका, चारही दशांश स्थळे सांगून मागा.

स्वतंत्र क्रिस्टलच्या आमच्या आग्रहाला एक अपवाद आहे. १९७५ च्या कॅन्सस सिटी पद्धतीत कॅसेटवरच्या २४०० हर्ट्झच्या सुरातूनच ४८०० हर्ट्झ, म्हणजे ३०० बॉडचा सोळापट क्लॉक, परत मिळवत असत. टेप हळू फिरली तर क्लॉकही तितकाच हळू होई आणि अक्षर बिघडत नसे. इतकी देखणी युक्ती या क्षेत्रात थोडीच सापडते आणि ती पुन्हा बांधून पाहणाऱ्याच्या लेखाला आम्ही आनंदाने जागा देऊ.

अलीकडे कोपऱ्यात एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून त्याच्याकडून क्लॉक घेण्याची पद्धत वाढली आहे. दुरुस्तीच्या टेबलावर ते सोयीचे आहे. कायमच्या बोर्डावर नको. ज्या यंत्रातला प्रत्येक ठोका बोट ठेवून दाखवता यावा म्हणून आपण इतका खटाटोप करतो, त्यात एक बंद डबी कशाला? शिवाय वीस वर्षांनी तो बोर्ड दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा ४०६० वाचता येईल, मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम कुठे शोधायचा?

पुढच्या अंकापासून सीरियल पोर्ट असलेल्या प्रत्येक लेखासोबत दोन गोष्टी हव्यात. क्रिस्टलपासून बॉडपर्यंतचा भागाकार, टक्क्यांतल्या चुकीसह. आणि एक मोजमाप: आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशा सेटिंगवर कॅपिटल ‘यू’ मध्ये खंड न पाडता पाठवत राहा. त्याचे बिट एकाआड एक असल्याने लाइनवर स्वच्छ चौकोनी लाट येते आणि ९६०० बॉडला हर्ट्झ दाखवणाऱ्या साध्या मल्टिमीटरवरही ४८०० दिसतात. साताने भागलेल्या त्या ६५०२ वर ४४६४ च्या आसपास दिसतील. असा आकडा आला तर लेख पाठवण्याआधी काउंटर बदला.