टोचलेल्या औषधाची चिठ्ठी द्या



पावसाळा सुरू झाला की आमच्या कुही तालुक्यात गोचिडांचा सुळसुळाट होतो. गायी-बैल, शेळ्या, राखणीची कुत्री, कोणीच सुटत नाही. मग गावोगाव फिरून सुया टोचणाऱ्यांना बोलावणं जातं. गोठा उरकला की 'यालाही एक मारून द्या' म्हणत दारातल्या कुत्र्याला त्याच बाटलीतलं औषध टोचलं जातं. पैसे रोख, चिठ्ठी नाही. माझी तक्रार त्या न मिळणाऱ्या चिठ्ठीबद्दल आहे.

आमचा शेरू अल्सेशियनची जात मिसळलेला, 18 किलो वजनाचा. मिरचीच्या वावरात रानडुकरांसाठी जागल करायची तर तो हवाच. त्याला संध्याकाळी सुई दिली आणि रात्रीच तो झोकांड्या खाऊ लागला. सकाळी तोंडातून लाळेची धार लागली होती. बुबुळं एवढी फाकली होती की डोळ्यात काळ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. रोजच्या पायवाटेनं निघाला तो थेट बाजेच्या पायावर आदळला. डोळ्यांपुढे हात हलवला तरी पापणी लवेना.

चाळीसएक किलोमीटर गाडीत घालून नागपूरला नेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, 'काय टोचलं? किती टोचलं?' टोचणाऱ्या गृहस्थांना फोन लावला तर 'गोचिडाचं दिलं, दोन मिली' एवढंच उत्तर. गोचिडाची औषधं काय एक आहेत? कोणतं औषध अंगात गेलंय हे कळल्याशिवाय डॉक्टरांनी हात कसा घालायचा? शेवटी घरी फोन करून पोराला उकिरड्यावर पाठवलं. त्यानं रिकामी बाटली हुडकली, पुसली आणि फोटो पाठवला. आयव्हरमेक्टिन, 1 टक्का, गुरांसाठी.

आता हिशेब पाहा. 1 टक्का म्हणजे एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध. गुरांना ते 50 किलो वजनामागे 1 मिली देतात. तोच दर शेरूला लावला तरी त्याच्या वाट्याला जेमतेम 0.36 मिली येतं. दिलं दोन मिली, म्हणजे साडेपाच पट. आणि कुत्र्यांना हृदयातल्या जंतांपासून वाचवण्यासाठी महिन्याला जी गोळी देतात, तिच्यात हेच औषध किलोमागे फक्त 6 मायक्रोग्रॅम असतं. शेरूच्या अंगात किलोमागे अकराशेच्या वर गेलं होतं. बैलाच्या मापाची सिरिंज कुत्र्याला लावली की एवढा फरक सहज पडतो.

या विषबाधेवर नेमका उतारा नाही. औषध अंगातून ओसरेपर्यंत जीव सांभाळायचा, एवढंच हाती असतं. सलाईन, झटक्यांवर औषध, उघड्या राहिलेल्या डोळ्यांत मलम, थोड्या थोड्या वेळानं कूस बदलणं. शेजारीपाजारी 'ताक पाजा' म्हणत होते. डॉक्टरांनी सक्त मनाई केली, कारण गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात काही ओतलं की ते फुफ्फुसात जातं. आठवडा उलटला तेव्हा हाक मारल्यावर शेपूट हलली. नजर त्यानंतर हळूहळू आली. आज तो पुन्हा वावरात आहे.

कुत्रा वाचला, मग आता पत्र कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. त्याला कारण आहे. परदेशात 1980 च्या दशकात कोली जातीची कुत्री या औषधानं लुळी पडू लागली, तेव्हा तिथल्या पशुवैद्यांनी त्या घटना लिहून ठेवल्या, छापल्या. पुढे 2001 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॅटरिना मीली आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा जनुकीय दोष शोधला. मेंदूत शिरलेलं औषध बाहेर फेकणारं प्रथिन या कुत्र्यांत नीट बनतच नाही. हा दोष काही अल्सेशियनांतही आढळतो, म्हणून डॉक्टरांनी आमच्यापुढे दोन्ही शक्यता ठेवल्या: जास्तीचा डोस किंवा हा दोष. आमच्याकडे मात्र कुत्रं मेलं की 'साप चावला असेल' म्हणून पुरून टाकतात. नोंद नाही, म्हणून धडाही नाही.

औषधाला माझा विरोध नाही. ज्या शोधातून ते निघालं, त्यासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना 2015 चं नोबेल मिळालं, आणि ते उगाच नाही. 'माणसालाच वेळेवर डॉक्टर मिळत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलात' असंही कोणी म्हणेल. पण तीच बाटली दुभत्या गायीलाही टोचली जाते आणि हे औषध दुधात उतरतं. चिठ्ठी नसेल तर कोणत्या दिवसापर्यंत दूध घालायचं नाही, हे शेतकऱ्याला कळणार कसं? तेव्हा हा प्रश्न एकट्या शेरूचा नाही, तुमच्या चहाच्या कपाचाही आहे.

अशी चिठ्ठी सक्तीची करणं सरकारला जमणार नाही असंही नाही. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली, तेव्हा 2006 मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जातात असं दिसलं, तेव्हा 2015 मध्ये ते इंजेक्शन एका वेळी 3 मिलीच्याच पॅकमध्ये विकायचं, असं ठरलं. बाटलीच्या मापाचा नियम करता येतो, तर एका कागदाचा का नाही? 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना दिला आहे. किरकोळ सेवा इतरांनी द्यायच्या तर त्याही त्यांच्या देखरेखीखाली. ही देखरेख कागदावर उतरल्याशिवाय तपासणार कशी? माणसांच्या औषधाची रिॲक्शन कळवायला 2010 पासून देशात यंत्रणा आहे, टोल फ्री नंबर आहे. जनावराची रिॲक्शन कुठे कळवायची, असं मी तालुक्यात विचारत फिरलो; एकानंही पत्ता सांगितला नाही.

पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की सुई टोचणारा कोणीही असो, औषधाचं नाव, ताकद, किती मिली, जनावराचं अंदाजे वजन आणि तारीख एवढं लिहून देणं सक्तीचं करावं, आणि रिॲक्शन झालेल्या जनावरांची वही प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात ठेवावी. तोवर वेलतूर असो की मांढळ, वाचकांनी एवढं करावं: सुई भरण्याआधी बाटली हातात घ्यावी, लेबलचा फोटो काढावा आणि सिरिंज कितीवर भरली ते बघावं. बाटली दाखवायला कोणी कुरकुर केली, तर त्याच्याकडून सुई घेऊ नये.

एक शेतकरी वाचक,
कुही, जि. नागपूर